गडद आणि पक्का

औंढा नागनाथ आणि शिरड शहापूर ही एकाच तालुक्यातली गावं. औंढ्याला ज्योतिर्लिंग, शिरडला मल्लिनाथांचं अतिशय क्षेत्र. मी जैनांच्या घरातली, राहते वसमतला, आणि शेजार सगळा माळकऱ्यांचा. त्यामुळं दोन्हीकडचं ऐकत आले. रंगाच्या बाबतीत मात्र या दोन परंपरांचं आपसात पटत नाही. पंडितांनी हा वाद खुशाल चालू ठेवावा. गोधडी शिवणारीला कापडाला कात्री लावायच्या आधी काहीतरी ठरवावंच लागतं.

आधी वारकऱ्यांचं. नामदेव आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे, जन्म १२७० चा. संतमंडळी जमली असताना कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी हातात थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यानंतर नामदेव गुरू करायला औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. म्हणजे कच्चेपण हा दोष. शेजारच्या काकू आषाढीची वारी करतात. त्यांच्या लेखी माणसानं नामात रंगावं आणि तो रंग जन्मात उतरू नये.

आता आमच्याकडचं. दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती होऊन गेले. श्रवणबेळगोळचा बाहुबली ज्यानं उभा केला, त्या चामुंडरायाच्या काळातले. त्यांच्या ‘गोम्मटसारा’त लोभाच्या चार प्रती सांगितल्या आहेत. सगळ्यांत वाईट लोभ किरमिजी रंगासारखा, कापडाचा दोरा झिजला तरी न सुटणारा. त्याहून सौम्य चाकाच्या वंगणासारखा, मग अंगाच्या मळासारखा, आणि सगळ्यांत हलका हळदीच्या रंगासारखा. पहिला नरकात नेतो, शेवटचा देवगतीला. वसमतसारख्या हळदीच्या पेठेत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हंगामात मोंढ्यावरून आलेल्या माणसाचा सदरा पिवळा असायचाच. साबण लागला की ते पिवळं लालभडक होतं, बाई घाबरते. पण खळबळून कडक उन्हात टाकलं की हळूहळू उडून जातं. इथं कच्चा रंग बरा आणि पक्का घातक. कारण जीव मुळात बिनरंगी, नुसता जाणणारा. जो रंग चढला तो बाहेरचा.

मग माणसानं पक्कं व्हावं की होऊ नये?

जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांत मी अलीकडे बाटिकचे तुकडे घालते. उज्जैनजवळच्या भैरवगडला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. कापडावर वितळलेल्या मेणानं नक्षी काढायची, मग रंगात बुडवायचं. मेणाखालचं कापड कोरं राहतं. पण मेण वितळू नये म्हणून रंगाचं पाणी थंडच ठेवावं लागतं. थंड पाण्यात सुती धाग्याला धरणारे नव्या जातीचे रंग १९५६ पासून बाजारात आले. त्यांतला रंगाचा कण क्षाराच्या पाण्यात धाग्याशी थेट जोडला जातो आणि मग धुण्यानं सहसा सुटत नाही. मात्र सगळे कण जोडले जात नाहीत. काही धाग्याऐवजी पाण्याशीच जोडले जातात आणि त्यांची धाग्याला धरायची ताकद संपते. तरी ते कापडात दडून बसतात. शेवटची धुलाई नीट झाली नसेल, तर असलं कापड दुकानात येतं. दिसायला ते जास्तच गडद, जास्तच देखणं.

पहिल्या पाण्याला बादली लालजांभळी झाली, तेव्हा काकू कौतुकानं म्हणाल्या, ‘‘रंग लई हाय गं कापडाला!’’ दुकानदारही हेच सांगतो, गडद आहे म्हणून सुटतो. मला तिथंच अडलं. सुटतो तो रंग कापडाचा नव्हेच. जो कापडाचा झाला तो आत बसला आहे, त्याची बादलीत खूण नाही. कोरडं असताना दोन्ही सारखेच दिसतात. फरक पाणी सांगतं.

सासूबाई म्हणायच्या, मिठाच्या पाण्यात भिजव, रंग बसेल. या रंगांना मिठानं किंवा शिरक्यानं पक्कं करता येत नाही. जो जोडला गेला नाही तो आता जोडला जाणार नाही, त्याला जाऊ द्यायचं. एकेक गडद तुकडा वेगळा, भरपूर पाण्यात, सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून. साबण सुटलेल्या रंगाला पाण्यातच तरंगत ठेवतो, परत बसू देत नाही. भिजत टाकून विसरायचं नाही. पाणी निवळेपर्यंत खळबळायचं, मग धोतराचा पांढरा तुकडा ओला करून वरून घासायचा. त्यावर डाग उठला, तर तो तुकडा अजून शिवायचा नाही. धावदोरा पडल्यावर रंग सुटला, तर डाग शेजारच्या पांढऱ्यावर पडतो, आणि गोधडी उसवून कोणी धूत नाही.

नामदेवांच्या गोष्टीकडे मी आता याच बाजूनं बघते. त्यांची भक्ती काय कमी होती? विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता, असं परंपरा सांगते. औंढ्यात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले तेव्हा नामदेव रागावले, आणि पाय कुठं ठेवले तर तिथं देव नाही, या प्रश्नावर निरुत्तर झाले. आपला देव अमुक जागीच आहे हा अभिमान तेवढा गळाला, भक्ती तशीच राहिली. काकूंना हे सांगितलं तर त्या हसल्या, ‘‘म्हंजे इसोबानं आमच्या नामदेवाला धुऊनच काडलं म्हन की!’’ तसंच म्हणते मी.

हल्ली धर्माचा गडदपणा फार वाढला आहे. ज्याच्या घोषणेचे शिंतोडे शेजाऱ्याच्या दारापर्यंत उडतात, त्याला आपण कट्टर म्हणतो आणि मनातून मानतोही, की याचा रंग खोल आहे. बादली उलट सांगते. दुसऱ्याला लागतो तो न बसलेला रंग. काकूंची वारी मला कधी लागली नाही, माझं पर्युषण त्यांना लागलं नाही, आणि आमच्या दोघींची श्रद्धा फिकी आहे असं आळीत कोणी म्हणणार नाही.

पण एवढ्यानं नेमिचंद्रांचा प्रश्न सुटत नाही. न सुटणारा रंग चांगलाच असतो असं नाही. लोभही पक्का बसतो आणि कोणाला डाग न लावता आयुष्यभर आत राहतो. म्हणून परीक्षा दोन हव्यात. माझा रंग दुसऱ्याला लागतो का, ही पहिली. ती पाण्यात, चारचौघांत होते आणि तिचा निकाल शेजारीही सांगू शकतो. आत बसलाय तो रंग कशाचा, ही दुसरी, आणि ती ज्याची त्यालाच द्यावी लागते. वारकऱ्यांनी पहिली शिकवली, आमच्या आचार्यांनी दुसरी. एकीत पास झालो म्हणून दुसरी माफ होत नाही.