ओळख कोणाच्या स्वाधीन?

‘मी कोण?’ हा प्रश्न वेदान्त्यांनी पुष्कळ चर्चिला. परंतु तो एके दिवशी शिधावाटपाच्या दुकानापुढे येऊन उभा राहील, असे त्यांस स्वप्नातही वाटले नसेल. मुलुंडला आमच्या घरी वीस वर्षे भांडी घासणाऱ्या बाईंच्या बोटांवरील रेषा झिजल्या आहेत. दुकानातील यंत्राने एके दिवशी त्यांस ओळखण्याचे साफ नाकारले. रांगेतील शेजारणी त्यांचे नाव, गाव, सासर, माहेर सारे सांगावयास तयार होत्या. त्या साक्षीस तेथे किंमत नव्हती. बाई रिकाम्या पिशवीने परतल्या.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्यापाशी कसलाच कागद नव्हता अशांस त्यामुळे कागद मिळाला, हे आम्ही विसरत नाही. तथापि एकाच भांडारास विचारल्यावाचून मनुष्य ‘तो’ ठरू नये, हे मनास खटकते खरे.

असे खटकणारे इतरही आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापिलेल्या व वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत ‘विकेंद्रित ओळखी’ची सामाईक नियमावली तयार झाली, १९ जुलै २०२२ रोजी तीस मान्यता मिळाली. तिच्या जोडीची दाखल्यांची नियमावली २०१९ सालीच आली होती. दोहोंचे मर्म अवघड नाही. दाखला देणाऱ्याने त्यावर डिजिटल सही करावी, ज्याचा त्याने तो आपल्यापाशी ठेवावा, पाहणाऱ्याने सही तेवढी तपासावी. दाखला कोठे कोठे दाखविला, हे देणाऱ्यास कळण्याचे कारण नाही. सहीची रीत योग्य असेल, तर जन्मतारीख झाकून अठरा वर्षे पूर्ण झाल्याचे तेवढे दाखविता येते.

आमच्या मते ही कल्पना आपणांस अगदीच परकी नव्हे. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायास आडनाव व गाव सांगावे, की तो वही उघडून पणजोबांचे नाव काढून दाखवितो. या वह्या कोणा एकाच्या कचेरीत नाहीत; मात्र प्रत्येकीची मांडणी निराळी. नव्या नियमावलीवर गूगल, ॲपल व मोझिला यांनी घेतलेल्या आक्षेपांत हेही एक दुखणे होते: ओळख नोंदविण्याच्या पद्धती शंभराहून अधिक, आणि त्यांचा परस्परांशी मेळ कसा बसावा हे अनिर्णित. आक्षेप फेटाळले गेले. आम्हांस त्यांत तथ्य दिसते. वहीचा आकार ठरविला आणि लिपी ज्याची त्याची ठेवली, तर वाचणार कोण?

गडचिरोलीतील एटापल्ली येथे २०२२ साली जातीचे सुमारे ६५,००० दाखले ब्लॉकचेनवर नोंदविण्याचा उपक्रम निघाला. त्याने खोटा कागद पकडता येईल. दाखला देणाऱ्याने मुळातच चूक लिहिले असेल, तर ती चूकच अक्षय होईल. सही खरी असणे निराळे, मजकूर खरा असणे निराळे.

याहून बिकट गोष्ट किल्लीची. या व्यवस्थेत ओळखीची गुप्त किल्ली ज्याची त्याने सांभाळावयाची. आम्हां शिकलेल्यांस हे स्वातंत्र्य वाटते. परंतु बाईंचा फोन बहुधा मुलाच्या हाती असतो. तो हरवला, की झिजलेल्या बोटांइतकीच ही किल्लीही निरुपयोगी. दुबळ्याच्या माथी सारी जोखीम मारून त्यास ‘तू स्वतंत्र आहेस’ म्हणणे, यास आम्ही न्याय म्हणणार नाही.

एक तोड मात्र आहे. आदी शमीर यांनी १९७९ साली दाखविलेल्या गणिताने किल्लीचे पाच भाग पाच विश्वासू माणसांत वाटून ठेविता येतात. कोणतेही तिघे एकत्र आले, की किल्ली पुन्हा सिद्ध होते. म्हणजे यंत्राने झिडकारलेली शेजाऱ्यांची साक्ष गणिताच्या वाटेने परत आली! तिघे मिळून फसवतील, ही भीती आहेच. ती पंचांच्या काळीही होती.

आम्ही बाईंस हे समजावून पाच नावे विचारली. त्यांनी रांगेतल्या चार शेजारणींची तत्काळ सांगितली. मुलाचे सांगितले नाही. पाचवे आमचे घेतील, अशी आम्हांस आशा होती. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “पाचवं विचार करून सांगते, सर.”