न बोलणारं गिऱ्हाईक

पुण्याच्या तुळशीबागेत एका व्यापाऱ्याचं खेळण्यांचं दुकान होतं. दुकान वडिलांच्या वेळचं. भातुकलीची लाकडी भांडी, भोवरे, खुळखुळे, पांगुळगाडे असा माल तिथे मिळे. वडील होते तोवर दरवर्षी स्वतः सावंतवाडीला जात. चितारआळीत कारागिराच्या ओसरीवर बसत, काम पाहत आणि मगच माल घेत. मुलाच्या हाती दुकान आलं तसा माल फोनवरून येऊ लागला. कुठून आला, कोणी केला, हे विचारायला त्याला सवड नव्हती. एखादी आई खुळखुळा हातात घेऊन विचारी, "बाळानं तोंडात घातला तर?" तो म्हणे, "काही होत नाही, ताई." हे उत्तर त्याला पाठ झालं होतं.

एका वर्षी दसऱ्याला तो बायकोबरोबर मैसूरला गेला. दोघांनी राजवाडा पाहिला, विजयादशमीची जंबू सवारी पाहिली. ज्या ओळखीच्या घरी ते उतरले होते, तिथे नवरात्रातल्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडलेल्या होत्या. सगळ्यांत वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी होती. ती घरच्या आजींना लग्नात माहेराहून मिळालेली. खालच्या पायऱ्यांवर चन्नपट्टणची लाखेची खेळणी होती. पिवळे हत्ती, लाल घोडे, हिरवे पोपट. सगळे समईच्या उजेडात चमकत होते.

व्यापाऱ्याने हिशेब केला. दिवाळीला वीस दिवस होते. हा माल तुळशीबागेत हातोहात खपला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच बसने निघाला. चन्नपट्टण मैसूर-बंगळूर रस्त्यावर, मैसूरहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. लाकूड कातून त्यावर लाख चढवण्याची ही कला टिपू सुलतानाच्या आश्रयाने तिथे रुजली, असं सांगतात. आज या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. रस्त्याच्या कडेला खेळण्यांची दुकानं ओळीने लागलेली होती. पण व्यापाऱ्याला मधला दलाल नको होता. चौकशी करत तो गावाबाहेर पडला. तुतीच्या शेतांमधून जाणाऱ्या वाटेने एका वस्तीवर पोचला.

तिथे नारळाच्या झाडांखाली कौलारू छपराची एक शेड होती. आत एक म्हातारा कारागीर लेथवर बसला होता. दारापाशी त्याची सून लाखेत रंग मळत होती. तिच्याजवळ गोणपाटावर तिचं वर्षाचं मूल बसलं होतं.

म्हातारा दख्खनी बोलत होता. व्यापाऱ्याला ती सहज कळत होती. त्याने पिशवीतून एक खुळखुळा काढला. कुठल्याशा कारखान्यातून नमुना म्हणून आलेला, भडक लाल रंगाचा, वर चकचकीत रोगण असलेला.

"चाचा, असे पाचशे नग हवेत. लाकडाचेच करा, पण रंग हाच लावा. लाखेपेक्षा स्वस्त पडतो आणि लवकरही होतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी माल निघायला हवा."

म्हाताऱ्याने खुळखुळा हातात घेऊन फिरवला आणि गोणपाटाच्या कडेला ठेवला.

"बसा, सेठ," तो म्हणाला. "हातातलं काम पुरं होऊ द्या."

व्यापारी बसला. त्याला घाई होती, पण उभं राहून काम लवकर होणार नव्हतं.

म्हाताऱ्याने लाकडाचा तुकडा लेथवर चढवला. लाकूड काळ्या कुड्याचं होतं, हस्तिदंतासारखं पांढरं. पटाशी टेकली तशी त्याची सालपटं गरगर उडू लागली. थोड्या वेळात मूठ तयार झाली. मग त्याने पिवळ्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली. घर्षणाने लाकूड तापलं, लाख वितळली आणि लाकडावर पसरत गेली. वरून त्याने केवड्याचं वाळलेलं पान दाबलं. पानाखालून लाकूड निघालं ते झळझळीत होऊनच.

"पिवळा रंग कशाचा?" व्यापाऱ्याने विचारलं.

"हळदीचा."

"आणि निळा?"

"निळीचा. दोन्ही मिळून हिरवा. लाख तर झाडावरचीच. पळसावर, बोरीवर किडे बसतात, ते करतात."

व्यापाऱ्याने शेडच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे ओंडके रचून ठेवलेले होते.

"एवढं लाकूड पडलंय, चाचा. पाचशे नग सहज होतील."

"ते ओलं आहे. परवाच आलंय. दोन-तीन महिने सावलीत राहील, मग हातात घेता येईल."

"उन्हात टाका की."

"नक्को, सेठ. उन्हात टाकलं तर तडकतं. इथे नाही तडकलं, तर तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी तडकतं."

बोलता बोलता म्हाताऱ्याने मुठीवर कड्या चढवल्या. खुळखुळा पुरा झाला. त्याने तो फडक्याने पुसला, कानाशी वाजवून पाहिला, आणि मग तोंडात घातला. ओठ मिटून त्याने तो एकदा सगळीकडून फिरवला, जीभ लावली, बाहेर काढला आणि धुऊन टोपलीत ठेवला. दुसरा उचलला. त्याचंही तेच केलं, पण तो टोपलीत न ठेवता बाजूला टाकला.

व्यापाऱ्याला नवल वाटलं. त्याने तो टाकलेला खुळखुळा उचलला. सगळीकडून बोट फिरवलं. त्याला काहीच लागलं नाही.

"याच्यात काय खोट आहे?"

"मानेशी कूस आहे."

"मला तर लागत नाही."

"बोटाला नाही लागत. जिभेला लागते." म्हातारा पुढचा तुकडा लेथवर चढवत म्हणाला, "बापानं शिकवलंय, सेठ. गिऱ्हाईक जे करणार, ते आधी आपण करून बघायचं. विकत घेणार तुम्ही. पैसे देणार पोराचा बाप. पण चोखणार पोर. खरं गिऱ्हाईक ते."

व्यापारी काही बोलला नाही. तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं. गोणपाटावरचं मूल रांगत कडेला आलं होतं. त्याला तो भडक लाल खुळखुळा दिसला होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाकडे नेला.

व्यापारी ताडकन उठला. दोन ढांगांत तो मुलापाशी पोचला आणि त्याने खुळखुळा मुलाच्या हातून काढून घेतला. मूल रडू लागलं. सुनेने दचकून वर पाहिलं.

"त्याच्या रंगाचा भरवसा नाही," व्यापारी म्हणाला आणि थांबला.

२००७ साली शिशाच्या रंगामुळे चिनी बनावटीची लाखो खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली होती. ती बातमी त्याने तेव्हा वाचली होती. शिसं पोटात गेलं की लहान मुलाच्या मेंदूला इजा होते, हेही त्याला माहीत होतं. माहीत असूनही तो नमुना त्याने पाचशे मुलांसाठी आणला होता.

म्हाताऱ्याने लेथ बंद केला. टोपलीतला पिवळा खुळखुळा घेऊन तो उठला आणि त्याने तो मुलाच्या हातात दिला. मुलाने तो सरळ तोंडात घातला आणि रडणं थांबलं. म्हातारा पुन्हा जागेवर येऊन बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याने कामाचं विचारावं तसं विचारलं.

"सेठ, तसेच पाचशे करायचे ना?"

"नाही, चाचा," व्यापारी म्हणाला. "वाळलेल्या लाकडात तुमच्या पद्धतीने दिवाळीपर्यंत किती होतील?"

म्हाताऱ्याने मनाशी मोजलं. "दीडशे."

"तेवढेच करा."

भाव म्हाताऱ्याने सांगितला. व्यापाऱ्याने तो पाडून मागितला नाही. दिवस कलेपर्यंत तो शेडमध्ये बसून राहिला. बरेच दिवस ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं होतं, ते वडिलांचं काम त्याने त्या दिवशी केलं.

त्या दिवाळीत दीडशे खुळखुळे चार दिवसांत संपले. नंतर आलेली गिऱ्हाइकं परत गेली. नफा दरवर्षीपेक्षा कमी झाला, आणि ज्याच्या रंगाची खात्री नव्हती तो माल माळ्यावरून काढून टाकावा लागला, त्याचा तोटा वेगळा. पण एक आई नेहमीसारखी विचारून गेली, "बाळानं तोंडात घातला तर?" या वेळी व्यापाऱ्याने पाठ केलेलं उत्तर दिलं नाही. लाकूड कुठलं, रंग कशाचा, लाख कशी चढते, तो खुळखुळा आधी कोणी तोंडात घालून पाहिला, हे सगळं त्याने सांगितलं. पुढे माल घ्यायला तो स्वतः जाऊ लागला. सावंतवाडीलाही, चन्नपट्टणलाही.

मूल तक्रार करू शकत नाही. खोक्यावर काय छापलंय ते त्याला वाचता येत नाही आणि वस्तू परत करायला ते दुकानात येत नाही. रोग्याला औषधातली भेसळ कळत नाही, पुलावरून जाणाऱ्याला सिमेंटातली चोरी दिसत नाही. ज्याला पारखता येत नाही, त्याच्यासाठी केलेल्या कामातच माणसाची खरी पारख होते. दाखवण्यापुरतं काम पाहणाऱ्याच्या डोळ्याशी संपतं. प्रामाणिक काम त्याच्या पुढे, न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाच्या जिभेपर्यंत जातं.

मैसूरला जाल तेव्हा वाटेत चन्नपट्टणला उतरा. भाव करण्याआधी एखाद्या कारागिराजवळ घटकाभर बसा आणि त्याचं काम पाहा. आणि घरी परतल्यावर आपल्या स्वतःच्या कामाचं न बोलणारं गिऱ्हाईक कोण आहे, ते शोधून काढा.