क्रियापदाची जबाबदारी

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. माझ्या लेखाचं कात्रण त्यांच्या हातात होतं. "तुम्ही लिहिलंय, लायन्स मेन नावाच्या अळंबीनं स्मरणशक्ती वाढते. आमचे हे हल्ली चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. परवा तर शेजारच्या जिन्यानं वर गेले. रोज किती पावडर देऊ त्यांना?"

मी त्यांना आधी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. विसरभोळेपणामागे बी-12 ची कमतरता असू शकते, थायरॉइडचा बिघाड असू शकतो, आणि दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. फोन ठेवल्यावर मी स्वतःचा लेख पुन्हा काढला. 'स्मरणशक्ती वाढते.' एवढंच. कोणाची, कितीनं, किती दिवसांत, याचा पत्ता नाही. त्या दोन शब्दांच्या भरवशावर एखाद्या घरात तपासणी महिनोन्‌महिने लांबली असती.

त्या दोन शब्दांमागे काय होतं? 2009 साली प्रसिद्ध झालेला जपानमधला एक प्रयोग. 50 ते 80 वर्षं वयाची, स्मृती थोडी मंदावलेली 30 माणसं. निम्म्यांना 16 आठवडे रोज तीन ग्रॅमच्या आसपास अळंबीच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण अळंबी नसलेल्या गोळ्या. अळंबी घेणाऱ्यांचे चाचणीतले गुण वाढले. गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा उतरले. प्रयोग करणाऱ्यांत अळंबी पिकवणाऱ्या कंपनीचे संशोधक होते. यातलं काहीही लपवण्यासारखं नाही. उलट, हे सगळं सांगितलं की वाचकाला विचार करता येतो. मी मात्र माणसं, आठवडे, मात्रा आणि कंपनी गाळली आणि फक्त क्रियापद ठेवलं.

विज्ञानाच्या लेखनात सगळ्यात जड शब्द क्रियापद असतो, असं मला आता वाटतं. मराठीत 'दिसलं', 'आढळलं', 'सूचित होतं', 'सिद्ध झालं' अशी चढती पायरी तयार आहे. काचेच्या बशीतल्या पेशींवर जे घडलं ते 'बशीत दिसलं'. उंदरांत घडलं ते 'उंदरांत आढळलं'. तीस माणसांवर झालं तर 'तीस माणसांत फरक आढळला'. 'बरं करतं' हे शेवटच्या पायरीवरचं क्रियापद. तिथवर फार थोडी औषधं पोचतात. संपादकानं पहिल्यांदा हीच पायरी तपासावी. पुरावा खाली आणि क्रियापद वर असेल, तर लेख परत पाठवावा.

दुसरी तपासणी नामाची. 'अळंबी' म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे वारुळावर उगवणारी रानटी छत्री वेगळी, शेडमध्ये भाताच्या पेंढ्यावर वाढणारी धिंगरी वेगळी, हे खाणारा कुणीही सांगेल. डबीतल्या पावडरीला मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही. काही कंपन्या वर उगवलेली छत्री वाळवून दळतात. काही धान्यावर वाढवलेलं कवकजाल धान्यासकट दळतात, म्हणजे डबीत पिष्टही बरंच येतं. 2017 च्या एका अभ्यासात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशी नावाच्या अळंबीच्या 19 नमुन्यांपैकी फक्त पाच वेष्टनावर लिहिल्याबरहुकूम निघाले. अशा वेळी प्रयोग एका वस्तूवर झालेला असतो आणि वाचक दुसरीच वस्तू विकत घेतो.

अर्धसत्य तर याहून घातक. टर्की टेल नावाच्या अळंबीपासून काढलेलं एक शुद्ध द्रव्य जपाननं 1977 मध्ये कर्करोगावरच्या उपचारांत मान्य केलं, ही गोष्ट खरी आहे. पण ते दिलं जायचं केमोथेरपीसारख्या उपचारांच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. 'जपानमध्ये मान्यता' एवढंच छापलं तर रुग्ण केमो सोडून कॅप्सूल घेईल. रेशीवरचे पाच प्रयोग एकत्र तपासून, वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षकांनीही तेच सांगितलं: कर्करोगावर पहिला उपचार म्हणून ती वापरण्याइतका पुरावा नाही.

'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' याचंही उत्तर लेखात हवं. जपानमध्ये 72 वर्षांच्या एका बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा नावाच्या अळंबीची पावडर घेतली. पावडरीतल्या ऑक्झलेटनं त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. 2014 मध्ये डॉक्टरांनी ही केस प्रसिद्ध केली. गुण चार परिच्छेदांत आणि धोका शेवटच्या अर्ध्या ओळीत, ही मांडणी प्रामाणिक नाही.

आणि छान गोष्ट सापडली की हात आखडावा. सप्टेंबर 1993 मध्ये बीजिंगला वांग जुन्शिया या धावपटूनं दहा हजार मीटरचा विश्वविक्रम जवळजवळ 42 सेकंदांनी मोडला. तिच्या प्रशिक्षकानं श्रेय दिलं कीडाजडीला, म्हणजे आपल्या उत्तराखंडात पिथौरागडच्या कुरणांतही बर्फ वितळल्यावर लोक गुडघ्यांवर बसून शोधतात त्या कॉर्डिसेप्सला, आणि कासवाच्या रक्ताला. जगभर ती गोष्ट छापली गेली. 2016 मध्ये चिनी माध्यमांत एक पत्र आलं. वांग आणि तिच्या सहकाऱ्यांच्या नावानं लिहिलेल्या त्या पत्रात उत्तेजकं घ्यायला भाग पाडल्याची तक्रार होती. तोवर वीसेक वर्षं कीडाजडीच्या दुकानांना ती गोष्ट पुरली होती.

मधुमेह, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला आपल्याकडे 1954 चा कायदा आडवा येतो. लेखाच्या रूपात तोच दावा आला तर त्याला अडवायला बहुतेक वेळा संपादकच उरतो. म्हणून लेखकाचं त्या विक्रीशी काही नातं आहे का, हे लेखाबरोबर छापलं जावं. मूळ शोधनिबंध संपादकानं स्वतः वाचावा, कंपनीच्या पत्रकावर थांबू नये. चूक झाली तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात यावी.

एवढ्या अटी-शर्तींनी वाचक कंटाळेल, असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. पुढच्या अंकात मी ते वाक्य दुरुस्त केलं: 'जपानमधल्या तीस माणसांच्या एका छोट्या प्रयोगात, स्मृती थोडी मंदावलेल्या काही वृद्धांचे गुण 16 आठवड्यांत वाढले, गोळ्या थांबल्यावर उतरले, प्रयोगात अळंबी पिकवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता.' दोन शब्दांची जागा चार ओळींनी घेतली. त्या शिक्षिकाबाईंनी दुरुस्ती वाचून पुन्हा फोन केला. या वेळी त्यांनी 'किती देऊ' असं विचारलं नाही. विचारलं, "तीसच माणसं होती का हो?"