रांगेतला तिसरा माणूस

२०२४ सालच्या दिवाळीतल्या पाडव्याची गोष्ट. अभ्यंगस्नाने उरकून आम्ही सारी फराळाला बसलो होतो. मुंबईला नोकरी करणारा माझा पुतण्या आदल्या रात्रीच घरी आला होता. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो सहज म्हणाला, "काका, जानेवारीत मी कोल्डप्लेच्या कार्यक्रमाला जाणार आहे. आणि तोही फुकट!"

फुकट कसा, ते त्यानेच सांगितले. सप्टेंबरात तिकीटविक्री सुरू झाली, त्या दिवशी तो संगणकापुढे ठाण मांडून बसला होता. साडेतीन हजारांचे एक, अशी चार तिकिटे त्याला मिळाली. खरे म्हणजे त्याला दोनच हवी होती, एक स्वतःसाठी आणि एक मित्रासाठी. उरलेल्या दोन तिकिटांचा सौदा त्याने एका जोडप्याशी ठरवला होता. प्रत्येकी सात हजार रुपये. चौदा हजार गेले, चौदा हजार आले, आणि दोन तिकिटे खिशात राहिली.

"हुशार गं बाई माझा नातू!" आई म्हणाली. वहिनींनी कौतुकाने त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. माझ्या तोंडातला लाडू मात्र तोंडातच घोळत राहिला.

माझा चेहरा त्याच्या ध्यानात आला असावा. "काय झालं, काका? मी कुणावर जबरदस्ती केली का? घेणारा खुशीने घेतोय, देणारा खुशीने देतोय. बाजारात याहून निराळं काय चालतं? आणि लोक तर पाच पाच पटींनी मागताहेत. मी नुसते दुप्पट घेतले."

मला चटकन उत्तर सुचले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी मुलांना चित्रकला शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अर्थशास्त्राशी माझा संबंध महिन्याच्या पगारापुरता. पण उत्तर न सुचण्याचे खरे कारण ते नव्हते. 'दुप्पट' हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे एक खिडकी उभी राहिली, आणि त्या खिडकीपाशी उभी असलेली एक बाई.

'माहेरची साडी' हा चित्रपट १९९१ साली निघाला. आमच्या तालुक्याच्या गावी तो पोचला पुढच्या वर्षीच्या दिवाळीत. गावात थिएटर एकच. एरवी त्याच्या दाराशी पुरुषांची झुंबड आणि बायकांच्या खिडकीवर चार-दोन डोकी, असा रिवाज. या खेळाने तो उलटा करून टाकला. आसपासच्या खेड्यांतून बायका बैलगाड्या आणि ट्रक भरभरून येऊ लागल्या. बायकांची रांग थिएटरच्या फाटकाबाहेर पडून पार चिंचेच्या झाडापर्यंत जाई.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या वयाच्या पोराला बायकांच्या रांगेत कोणी हटकत नसे, म्हणून आईने मलाच पुढे पाठवले. तिची आणि माझी, अशी दोन तिकिटे आणायची होती. पाच रुपयांचे एक तिकीट. पण माझ्या खिशात भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसेही खुळखुळत होते, आणि फाटकापाशी 'पाच का दस' असे पुटपुटत हिंडणारी माणसे मी रोज पाहत होतो. एकाला चार तिकिटे मिळत. मी चार घेतली.

माझ्या मागे आमची कासारमावशी उभी होती. दर सणाला आमच्या घरी येऊन आईच्या हातात बांगड्या भरणारी. दोन कोसांवरच्या खेड्यातून ती चालत आली होती. बरोबर तिची लेक होती, दिवाळीला माहेरपणाला आलेली. मी बाजूला झालो, तिने पदराच्या गाठीतून पैसे सोडले, आणि आतून फळी खाली आली. हाऊस फुल्ल!

मावशी क्षणभर त्या फळीकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला गावली न्हवं बाळ? बरं झालं. आईला म्हणावं, मावशी पुढच्या खेपंला बघंल." आणि लेकीला घेऊन ती आल्या वाटेने चालू लागली.

तिला दोन तिकिटे हवी होती. माझ्या खिशात जास्तीची दोनच होती. मी तिला हाक मारली नाही. तिच्याकडून दुप्पट पैसे मागण्याचे धैर्य मला नव्हते, आणि तिला पाचाला देण्याची इच्छा नव्हती. ती चिंचेपलीकडे दिसेनाशी झाल्यावर मी ती दोन तिकिटे एका गृहस्थाला वीस रुपयांना विकली. तो खुशीने घेऊन गेला. मीही खुशीने दिली. त्या नफ्यातून मी रंगाची पेटी घेतली. पुढच्या शुक्रवारी थिएटरचा खेळ बदलला. मावशीची पुढची खेप काही आली नाही.

'घेणारा खुशीने घेतो, देणारा खुशीने देतो' हे पुतण्याचे वाक्य मला म्हणून बोचले. ते खोटे नाही, ते अपुरे आहे. अशा सौद्यात माणसे दोन दिसतात, पण असतात तीन. तिसरा खिडकीवरून परत गेलेला असतो. त्याला कोणी विचारलेले नसते, आणि सौदा होतो तो त्याच्या गैरहजेरीच्या जोरावर. माझ्या खिशात ती दोन तिकिटे नसती तर फळी कासारमावशीच्या मागे पडली असती.

कोणी म्हणेल, मग व्यापारी काय करतो? तोही स्वस्त घेतो नि महाग विकतो. पण लासलगावचा कांदा मुंबईच्या मंडईत आपल्या पायांनी चालत येत नाही. तो कोणीतरी निवडतो, गोण्यांत भरतो, साठवतो, वाहून आणतो. वाटेत सडलेल्या कांद्याचा तोटाही सोसतो. त्याच्या नफ्यात त्याची मेहनत असते. मी काय वाहून आणले? रंगमंच प्रेक्षकाच्या एक पाऊलही जवळ आला नाही. खिडकी सगळ्यांसाठी उघडी होती. ती मी आधी अडवली, आणि मग थोडी किलकिली करण्याचे पैसे घेतले. पाणवठ्याच्या वाटेवर काटेरी फांदी टाकायची आणि ती उचलण्याची मजुरी मागायची, असाच हा उद्योग. फांदी टाकणाऱ्यालाही जोखीम असते हे मी मान्य करतो. कोणी पाण्याला आलेच नाही तर त्याचा दिवस फुकट जाईल! पण जोखीम घेतली म्हणजे सेवा घडली, असे होत नाही.

पुतण्याचा दुसरा मुद्दा याहून अवघड होता. तो म्हणाला होता, "लोक सात हजार द्यायला तयार आहेत, तर संयोजकांनी साडेतीनच का लावले? त्यांची चूक. मधले पैसे कुणीतरी घेणारच." यावर विचार करता करता मला आम्हा कादंबरीकारांच्या जातीतलाच एक थोर माणूस आठवला, चार्ल्स डिकन्स.

१८६७ च्या अखेरीस डिकन्स अमेरिकेत आपल्या कथा-कादंबऱ्यांतले वेचे वाचून दाखवायला गेला. तिकीट ठेवले दोन डॉलर. बोस्टन, न्यूयॉर्क, जिथे जाईल तिथे लोक कडाक्याच्या थंडीत आदल्या रात्रीपासून रांगा लावीत. ब्रुकलिनला तर लोकांनी गाद्या आणून रस्त्यात अंथरल्या आणि शेकोट्या पेटवल्या. पण त्या रांगांत वाचकांइतकेच सट्टेवाल्यांचे हस्तक उभे असत. दोन डॉलरांची तिकिटे बाहेर कितीतरी पटींनी विकली जात. संतापलेले लोक आणि वर्तमानपत्रे शिव्या देत त्या डिकन्सचा व्यवस्थापक डॉल्बी याला. तिकिटे चढ्या भावाने जात होती, तर डिकन्सला आपला दर वाढवता आला नसता का? अवश्य आला असता. त्याने तो वाढवला नाही, कारण साध्या माणसानेही येऊन ऐकावे अशी त्याची इच्छा होती. म्हणजे दोन डॉलर आणि बाजारभाव यांमधले अंतर ही चूक नव्हती. ती लेखकाने वाचकाला दिलेली भेट होती. सट्टेवाल्याने लुबाडली ती ही भेट, आणि तीही देणाऱ्याच्या नावावर कलंक लावून.

ज्या कोल्डप्लेवरून आमच्या घरी वाद झाला, त्या मंडळींनीही हिंदुस्थानातल्या कार्यक्रमांसाठी काही थोडी तिकिटे मुद्दाम दोन हजारांना ठेवली होती, आणि ती एकाला दोनच देण्याचा नियम केला होता. त्याच कार्यक्रमांची पस्तीस हजारांचीही तिकिटे होती. ज्याला महाग विकायचे असते त्याला महाग विकता येते, याचा आणखी कसला पुरावा हवा? स्वस्त तिकीट हे विसरभोळेपणाने स्वस्त राहिलेले नसते. ते कुणासाठी तरी राखून ठेवलेले पान असते.

रांग ही फार न्यायी गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला दिवसभर रांगेत उभे राहणे परवडत नाही. आताच्या अदृश्य रांगेत तर ज्याचे यंत्र वेगवान तो पुढे. थिएटरपाशी 'पाच का दस' करणारे ते लोकही बिचारे पोटासाठीच उन्हात उभे असत. शेजारच्या आजारी आजोबांसाठी एखाद्या पोराने रांग धरली आणि श्रमाचे चार पैसे घेतले, तर त्यात मला काही वावगे दिसत नाही. ऐन वेळी घरात ताप आला आणि आपले तिकीट दुसऱ्याला घेतल्या भावात दिले, तर तो उपकारच. दोष पुन्हा विकण्यात नाही. आपल्याला नको असलेले, दुसऱ्याला हवे आहे म्हणूनच घेऊन ठेवण्यात दोष आहे.

आणि रांगेचे एक पुण्य तरी मानलेच पाहिजे. तिथे चलन असते ते वेळेचे, आणि दिवसाचे चोवीस तास राजालाही असतात नि कासारणीलाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत आषाढीला माणसे रात्र रात्र उभी असतात. समजा, तिथे पाच जागा धरून कोणी त्या विकू लागला, तर घेणारा कितीही खुशीने घेवो, आपण त्याला व्यापारी म्हणू काय? मागचा म्हातारा वारकरी एका जागेने मागे सरकला, एवढे आपल्याला तिथे लख्ख दिसते. थिएटरच्या दारात मात्र आपले डोळे अधू होतात.

का होतात? मला वाटते, करमणूक ही चैन आहे असे आपण मनातून धरून चालतो. रेल्वेच्या तिकिटांचा असा बेकायदा धंदा करणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. ते सगळ्यांना पटते, कारण प्रवास ही गरज. पण वर्षभर शेतात नि चुलीपुढे राबलेल्या बाईने लेकीच्या शेजारी बसून तीन तास मनसोक्त रडावे, ही गरज नव्हे काय? आनंदाला चैन म्हणण्याचा अधिकार ज्याला तो रोज मिळतो त्याला नसावा.

त्या पाडव्याला यातले काहीच मी धड बोललो नाही. संध्याकाळी अंगणात पणत्या लावताना मात्र पुतण्याला कासारमावशीची हकीकत सांगितली. आजवर ती मी कुणालाच, आईलासुद्धा, सांगितली नव्हती. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "पण काका, तुम्हाला ती मावशी दिसली होती. मला तर कुणीच दिसलं नाही. नुसता पडद्यावर आकडा होता. माझ्या मागे इतके लाख माणसे उभी आहेत म्हणून."

हे मात्र अगदी खरे होते, आणि माझ्या मनातून ते अजून जात नाही. माझ्या पापाला निदान चेहरा होता. त्याच्या पिढीच्या पापाला तेवढीही सोय नाही. मागे लाखो उभे असले की एकही माणूस उभा नसल्यासारखे होते.

त्याने आधी ठरलेला सौदा मोडला नाही. शब्द दिला होता, असे म्हणाला. मीही पुन्हा विषय काढला नाही. जानेवारीत तो नेरूळच्या त्या मैदानावर कार्यक्रम पाहून आला. परवा गणपतीला घरी आला तेव्हा कसा झाला कार्यक्रम म्हणून मी विचारले. दिव्यांचे, गाण्यांचे खूप वर्णन केले त्याने. मग थोडा थांबून म्हणाला, "ती दोघं आमच्यापुढेच दोन ओळींवर होती, काका. ज्यांना मी तिकिटं दिली ती. सगळं मैदान एका सुरात गात होतं. अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत होती. त्या मुलीने एकदा मागे वळून पाहिलं. मी मोबाईल काढून उगाच त्यात बघत बसलो."

मी काही बोललो नाही. माझ्या टेबलाच्या खणात त्या रंगाच्या पेटीचे पत्र्याचे झाकण अजून आहे. ते काढून मी त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, आणि हळूच परत खणात ठेवून दिले.