ताण नसताना

डोंगरात ताडपत्री किंवा तंबूची दोरी बांधायची वेळ आली की बहुतेकांचे हात ज्या गाठीकडे वळतात, ती क्लोव्ह हिच. स्काउट-गाइडच्या प्रथम सोपानात ती मुलांना शिकवतात, प्रस्तरारोहणाच्या शिबिरातही ती अगदी सुरुवातीला येते. बांधायला सोपी. दोरीचं टोक झाडामागून पुढे आणायचं, आधीच्या दोरीवरून तिरकं ओलांडून पुन्हा मागून फिरवायचं आणि त्या तिरक्या वेढ्याखालून ओवून ओढायचं. शेजारीशेजारी दोन वेढे आणि त्यांच्यावरून गेलेली एक तिरकी दोरी दिसली, की गाठ बरोबर बसली.

एवढीशी गाठ धरते कशी? सारं काम घर्षणाचं. गोल खांबाभोवती दोरी जितकी अधिक फिरते, तितकी पलीकडची ओढ अलीकडे कमी पोचते, आणि ती झपाट्याने कमी होते. दोरी आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ओढ साधारण साडेसहापट घटते, दोन वेढ्यांनी चाळीसपटीहून जास्त. उरलेली ओढ तो तिरका वेढा टोक खाली दाबून थोपवतो. म्हणजे भार जितका वाढेल तितकी पकड घट्ट. गाठीला बळ मिळतं ते तिच्यावर आलेल्या ताणातूनच.

आणि इथेच तिची खरी परीक्षा आहे. ताण सलग असेल तर क्लोव्ह हिच निमूट काम करते. तो येत-जात राहिला की मात्र वेढे हळूहळू सरकू लागतात. पठारावर वारा झोत टाकतो, थांबतो, पुन्हा टाकतो. प्रत्येक थांब्यात दोरी थोडी ढिली पडते आणि टोक बोटभर आत जातं. गुळगुळीत नायलॉनची दोरी असेल तर आणखी लवकर. खुंट्याभोवती फिरत राहणारं जनावरही अशी गाठ सैल करतं, म्हणून तिथे नुसत्या क्लोव्ह हिचवर विसंबत नाहीत. जाणती माणसं टोक चांगलं वीतभर मोकळं ठेवतात, त्याचे दोन अर्धे फास मुख्य दोरीवर टाकतात आणि झोपण्याआधी टॉर्च घेऊन प्रत्येक दोरीला हात लावून येतात. कड्यावर स्वतःला अँकरला जोडणारा गिर्यारोहकही हीच गाठ कॅराबिनरवर वापरतो, कारण ती न सोडता दोर कमी-जास्त करता येतो. पण तसं केल्यावर दोन्ही बाजू ओढून तो ती पुन्हा आवळतो. वर्षानुवर्षं कडे चढलेली माणसंही यात कसूर करत नाहीत.

गाठ पुन्हा तपासण्याची ही सवय मला नात्यांसाठीही फार मोलाची वाटते. माणसामाणसांतले बंध संकटात तुटतात असं आपण समजतो. अनुभव बरेचदा उलटा असतो. घरात आजारपण आलं, कुणावर वेळ आली, की भाऊ-बहिणी, शेजारी, जुने मित्र धावून येतात. त्या काळात पकड आपोआप घट्ट होते. सैल पडते ती नंतर, सगळं सुरळीत चालू असताना. फोन करायला कारण उरत नाही, भेट पुढच्या महिन्यावर जाते. भांडण कुणाचंच झालेलं नसतं. फक्त ओढ थांबलेली असते आणि टोक बोटभर आत सरकलेलं असतं. पुढचा झोत येतो तेव्हा ते कळतं.

म्हणून बंध जपायचे ते निवांत दिवसांत. त्यासाठी फार काही लागत नाही: विनाकारण केलेला एक फोन, वाट वाकडी करून घेतलेली भेट, ‘कसा आहेस?’ विचारून उत्तर ऐकण्याइतका वेळ. गाठ चांगली बांधली होती, यावर कुणी निश्चिंत राहू नये. तिला अधूनमधून हात लावून पाहणं, हाही बांधण्याचाच भाग आहे. आज ज्याची सहज आठवण झाली, त्याला आजच हाक मारावी.