सगळं देऊन टाकणं हाच त्याग का?



मागच्या महिन्यात आपल्या गटातल्या एक ताई सेवेच्या जागीच चक्कर येऊन पडल्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, नातवाचं सगळं, आणि वर दर गुरुवारी प्रसादाचा स्वयंपाक. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झालंय, झोपही पुरी नाही. आम्हांला लाज वाटली. कारण वर्षभर आम्हीच त्यांना म्हणत होतो, "ताई, तुम्ही म्हणजे केळच, सगळं दुसऱ्यासाठी!"

पण केळीचा दाखला आपण नीट समजून देतो का?

कुळागरातली केळ एकदाच निसवते. असेल नसेल ते एका घडात घालते आणि तो खांब संपतो. पण तिचा कंद जमिनीत असतो, बाजूला पिलं आधीच वर आलेली असतात. म्हणून तिला ते परवडतं. आंब्याला मात्र वर्षानुवर्षं जगायचं असतं. हापूस एका साली भरभरून आला की पुढच्या साली बहुतेक कमीच धरतो. साठा फळांत गेलेला असतो, तो पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

शास्त्र सांगतं, प्रत्येक जिवाजवळ शक्ती मोजकी असते. वाढायचं, अंग राखायचं, पिलं द्यायची, सगळं एकाच डब्यातून. डासांसाठी आपण टाकीत गप्पी मासे सोडतो ना, ते ट्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांतही असतात. ओढ्याच्या खालच्या भागात मोठे मासे त्यांना खातात. तिथले गप्पी लवकर वयात येतात आणि पुष्कळ, पण बारीक पिलं देतात. धबधब्याच्या वर तो धोका कमी. तिथले उशिरा वयात येतात, पिलं थोडी पण मोठी देतात. १९७६ साली जॉन एंडलर यांनी खालचे काही मासे धबधब्याच्या वर, जिथे गप्पी नव्हते अशा पाण्यात सोडले. ११ वर्षांनी डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांना दिसलं की पिढ्या बदलता बदलता त्यांचीही रीत वरच्यांसारखी झाली होती.

मासा काही विचार करून हे ठरवत नाही. ज्यांची रीत त्या पाण्याला जुळली त्यांची पिलं जास्त वाचली, एवढंच. म्हणून निसर्गात आहे तेच योग्य, असं आम्ही म्हणणार नाही. तसं असतं तर आजारी सासूबाईंची सेवा कुणी केलीच नसती! निसर्गाकडून आज्ञा घ्यायची नाही, हिशेब तेवढा समजून घ्यायचा. शक्ती मोजकी आहे, हे श्रद्धेनेही बदलत नाही.

मग स्वतःसाठी थोडं राखणं हा स्वार्थ का? कशासाठी राखतो, त्यावर ते आहे. उद्या पुन्हा उभं राहता यावं म्हणून वेळेवर जेवणं, झोपणं हा स्वार्थ नव्हे. "मला झेपत नाही" म्हणून दुसऱ्यावर ढकलणं, हा स्वार्थच.

आणि एक मोठा फरक आहे. मासा आपला हिशेब आपल्या एकट्याच्या अंगावर भागवतो. माणसाला दुसऱ्याचा भार उचलता येतो. ताईंना "विश्रांती घ्या" म्हणणं सोपं होतं, पण काम तर उरतंच. आता आम्ही चौघींनी गुरुवार वाटून घेतले आहेत, भांडी पुरुष मंडळींकडे दिली आहेत, आणि रोज दुपारी दोन तास सासूबाईंजवळ कुणीतरी बसतं. हे वर्षभर आधी करता आलं असतं. कौतुक करायला काही लागत नव्हतं, म्हणून आम्ही तेवढंच केलं.

हे वाचून झाल्यावर आज रात्री घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, ते जरा बघा. आणि उद्या त्यांच्या आधी उठा.

काही चुकलं असल्यास सांभाळून घ्या 🙏