मजुरी किती घ्यावी, किती द्यावी?



या आठवड्याचा चिंतनाचा विषय अगदी घरगुती आहे. गाडी दुरुस्तीला टाकतो, संध्याकाळी बिल हातात येतं. पार्टचे पैसे आपण मुकाट देतो, पण ‘लेबर चार्ज’ वाचला की मन कुरकुरतं. पार्टवर किंमत छापलेली असते, मेहनतीवर कुठं असते? मग ती मजुरी रास्त आहे की नाही, ठरवायचं कसं?

एक उदाहरण घेऊ. गाडीचा एसी गार करत नाही, कुलिंग कॉइल लीक आहे. बऱ्याच गाड्यांत ही कॉइल डॅशबोर्डच्या मागं असते. तिथं पोचायला आधी गॅस काढायचा, बॅटरी सोडायची, डॅशबोर्ड उतरवायचा, एअरबॅगच्या वायरी जपायच्या. मग सगळं परत बसवून, व्हॅक्यूम करून, मोजून गॅस भरायचा. इथं मजुरी जड वाटली तरी “एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे?” असं म्हणून चालत नाही. पैसे तिथपर्यंत पोचण्याचे आहेत.

दुसरा प्रश्न वेळेचा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कामाचे तास साधारण आधीच ठरलेले असतात, त्यावर मजुरी लागते. समजा तीन तासांचं काम जुन्या मिस्त्रीनं दोन तासांत नीट केलं, तर तिसऱ्या तासाचे पैसे फुकटचे का? घड्याळ बघूनच पैसे द्यायचे म्हटलं तर रेंगाळणारा जास्त कमावेल, आणि वर्षानुवर्षं हात काळे करून ज्यानं हातोटी मिळवली तो तोट्यात जाईल.

पण म्हणून गॅरेजवाला सांगेल ते सगळंच रास्त, असंही नाही. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो खाली असतानाच रिलीज बेअरिंग बदललं, तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा लावता येत नाही. अंदाजानं एक पार्ट बदलला, दोष तसाच राहिला, म्हणून दुसरा बदलला, तर त्या चाचपडण्याची सगळी मजुरी गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. आणि परगावच्या नंबरची गाडी पाहून, किंवा बाई एकटीच आली आहे हे पाहून आकडा वाढवला, तर तो दर कामाचा राहिला नाही, अडचणीचा झाला.

योगशास्त्रातल्या पाच यमांत ‘अस्तेय’ आहे. चोरी करू नये एवढाच अर्थ आपण धरतो. जे आपलं नाही ते घेऊ नये, असा धरला तर तो दोन्ही बाजूंना लागू पडतो. खोललेली गाडी घेऊन आपण दुसरीकडे जाऊ शकत नाही. केलेली मेहनत मिस्त्री परत घेऊ शकत नाही. दोघंही एकमेकांच्या हातात अडकलेले असतात. त्या अडकण्याचा फायदा कुणीच घ्यायचा नाही, रास्तपणाची खरी कसोटी हीच. म्हणून गाडी खोलण्याआधी दर विचारणं हा आपला हक्क आहे, अगदी चार ठिकाणी विचारावं. पण ठरलेलं काम नीट झाल्यावर “पाचशे कमी करा” म्हणून अडून बसणं म्हणजे दुसऱ्याचा घाम कापून घेणंच.

व्यवहारात एवढं पाळू या:

• पार्ट आणि मजुरी वेगवेगळी, आधी लिहून घ्यावी.
• जादा काम निघालं तर करण्याआधी फोन करायला सांगावं.
• काढलेला जुना पार्ट बघायला मागावा.
• पक्कं बिल घ्यावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे.

बिलात मजुरीवर 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर तो मिस्त्रीच्या खिशात जात नाही. मात्र “बिल नको, टॅक्स वाचेल” असं आपणच म्हणालो, तर अस्तेय दोघांचंही मोडलं.

पेन्शनवर घर चालवणाऱ्याला हजार रुपये जास्त गेले तर टोचतात. मिस्त्रीच्या घरीही हजार रुपये कमी आले तर तेवढेच टोचतात. हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवता आलं, तर आकडा ठरवणं फारसं अवघड राहत नाही.

रविवारी घरातल्या मुलांना जरूर विचारा: दोन तासांत झालेल्या तीन तासांच्या कामाचे तुम्ही किती द्याल? उत्तरं ग्रुपवर कळवा.